थडग्यांचा कारागीर

ऑल्डरी, बर्कशायर
११ मार्च १९६८

प्रिय अमोस भावजी,

विल्फ गेला त्याला परवा पाच आठवडे झाले. तुम्ही दफनाला आला नाहीत. नेलीचं कार्ड आलं. त्यावर तुमचंही नाव होतं, पण अक्षर दोन्हीकडे नेलीचंच. त्याबद्दल मी काही विचारत नाही. तुम्हा भावांचं आठ-नऊ वर्षांपूर्वी काय बिनसलं ते त्याने मला सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. आमच्या घरात तशी पद्धत नव्हती.

हे पत्र कामाचं आहे. विल्फच्या थडग्यावर दगड बसवायचा आहे. माती बसायला सहा महिने द्यावे लागतात, म्हणजे ऑगस्ट उजाडेल. पण मजकूर आधी चर्चकडून मंजूर करून घ्यावा लागतो. मी दिलेला मजकूर असा:

विल्फ्रेड क्रॅबट्री, १९०९ ते १९६८. प्लास्टरचा कारागीर. चित्रपटांसाठी त्याने किल्ले, तळघरे आणि थडगी उभी केली.

आमचे पाद्री रेव्हरंड हॉलिस यांनी शेवटचं वाक्य खोडून कागद परत दिला. कारागीर चालेल, पण भुताच्या सिनेमांचा उल्लेख पवित्र भूमीत नको, असं त्यांचं म्हणणं. मी खोडू देणार नाही म्हटल्यावर ते म्हणाले, तुम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा रक्ताच्या नातेवाइकाची लेखी संमती आणा, मग कागद बिशपच्या कचेरीकडे पाठवतो. रक्ताचे तुम्ही एकटेच उरलात. यॉर्कशायरचा, सिनेमाला पाप मानणाऱ्या कडक चॅपल पंथाचा भाऊ सही करणार नाही, असा त्यांचा हिशेब आहे. तो चुकावा अशी माझी इच्छा आहे.

दुसरं असं, की तुम्ही जन्मभर थडग्यांच्या दगडांवर अक्षरं कोरलीत. विल्फचा दगड परक्या हाताने कोरला जाऊ नये. जमेल का ते कळवा.

ईनिड


थॉर्नक्लफ, यॉर्कशायर
२० मार्च १९६८

वहिनी,

पत्र पोचलं. दगड देईन, आमच्या खाणीतला चांगला. अक्षरं मीच कोरीन. नाव, सालं, प्लास्टरचा कारागीर. त्यापुढे एक अक्षर कोरणार नाही आणि संमतीच्या कागदावर सहीही करणार नाही. तुमचे पाद्री शहाणे दिसतात.

थडगी उभी केली म्हणता. कसली थडगी उभी केली ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याने तुम्हाला सांगितलं नसेल तर मी सांगत नाही. गेलेल्या माणसाची त्याच्या बायकोपुढे शोभा करू नये.

नेलीचा गुडघा धरतो, बाकी बरी आहे.

अमोस


ऑल्डरी
२८ मार्च १९६८

प्रिय अमोस भावजी,

शोभा करायची नसेल तर अर्धवटही बोलू नये. तुम्ही एवढंच लिहिलंत की मला रात्रंदिवस तेच डोक्यात राहावं, आणि नेमकं काय ते मात्र कळू नये. ही माया नव्हे.

विल्फच्या कामाची लाज बाळगायला मी इतरांकडून पुष्कळ शिकले असते, शिकायची असती तर. लंडनच्या वर्तमानपत्रांनी त्या सिनेमांना गटार म्हटलं. रेव्हरंड हॉलिसनी एका रविवारी त्यावर अख्खं प्रवचन दिलं, आणि मी तिसऱ्या ओळीत टोपी घालून बसले होते. वाण्याची बायको माझ्याकडे नाक मुरडायची आणि लगेच विचारायची, नव्या सिनेमाचे पास मिळतील का. मी द्यायचे.

तुम्ही इथे कधी आला नाहीत म्हणून सांगते. स्टुडिओ म्हणजे नदीकाठचं एक जुनं घर आणि मागे चार गोदामं. स्टुडिओवाले जुन्या गाजलेल्या कादंबऱ्या घेतात, ज्यांत डोंगरावर किल्ला असतो आणि किल्ल्यात कोणीतरी मरायचं नाकारून बसलेलं असतं. डोंगर इथे नाही. किल्ला विल्फ आणि त्याची माणसं तीन आठवड्यांत लाकूड, गोणपाट आणि प्लास्टरचा करायची. एकाच जिन्याने अकरा सिनेमे काढले. एकदा कठडा बदलला, एकदा फक्त रंग. मी त्यांतली एक कादंबरी वाचायला घेतली होती. त्यात सगळे एकमेकांना पत्रंच लिहीत बसतात. चाळिसाव्या पानावर ठेवून दिली. पण विल्फचा जिना मी सिनेमाच्या पडद्यावर पाहिला तेव्हा पुढच्या रांगेतल्या बाईने पाय वर घेतले होते. त्या जिन्याला खालून आधार म्हणून लावलेली फळी आमच्या कोंबड्यांच्या खुराड्याची होती. ही कारागिरी नाही तर काय आहे?

रेव्हरंड हॉलिस काल चहाला आले होते. माणूस वाईट नाही. विल्फच्या आजारपणात दर मंगळवारी यायचे. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की लोक दफनभूमीत सांत्वनासाठी येतात, त्यांना तिथे रक्त आणि सुळे आठवू नयेत. मी त्यांना त्यांच्याच चर्चच्या उत्तरेच्या भिंतीतल्या सरदाराच्या कबरीची आठवण करून दिली. तिच्यावर दगडी सांगाडा आहे, दात विचकलेला, एका बाजूने किडा बरगडीतून बाहेर येतो आहे. तीनशे वर्षं पोरं त्याच्यासमोर बसून प्रार्थना म्हणतात. त्या सांगाड्याच्या गळून पडलेल्या जबड्याला विल्फने फुकट प्लास्टर करून दिलं होतं.

ते म्हणाले, “ती गोष्ट वेगळी आहे, मिसेस क्रॅबट्री. तो मृत्यूचा उपदेश आहे.”

मी म्हटलं, “विल्फचा उपदेश बघायला लोक तिकीट काढून यायचे.”

त्यावर त्यांनी केकचा दुसरा तुकडा घेतला आणि विषय बदलला. मी बदलला नाही. वाक्य राहील. तुम्ही काय पाहिलंत ते आता सरळ लिहा.

ईनिड


थॉर्नक्लफ
१६ एप्रिल १९६८

वहिनी,

ईस्टर होऊन जाऊ दिला. आता लिहितो. मी काय पाहिलं ते नेलीला माहीत नाही आणि कळू द्यायचं नाही, म्हणून उत्तर खाणीच्या पत्त्यावर पाठवा.

१९३८ साली आम्हाला मुलगी झाली. जन्मतःच गेलेली होती. हे तुम्हाला माहीत नसावं, कारण आम्ही कोणाला सांगितलं नाही, फक्त विल्फला. तो तेव्हा इथेच होता, तुमच्या लग्नाआधी. नेलीने आधीच नाव ठरवून ठेवलं होतं. मिरियम. नोंदवहीत नाव लिहीत नाहीत अशा मुलांचं. नुसतं ‘मृत मुलगी’. बाप्तिस्मा नाही, म्हणून दफनाचा विधी नाही. इस्पितळातल्या बाईंनी कापडात गुंडाळून नेली आणि म्हणाल्या, आम्ही बघतो, तुम्ही घरी जा. मी घरी गेलो. तेव्हा कोणी उलटं विचारत नसे. पुढे कळलं की अशा मुलांना त्या दिवशी गेलेल्या कोणा परक्या माणसाच्या शवपेटीत पायाशी ठेवून देतात. कोणत्या पेटीत, कोणत्या दफनभूमीत, ते मला आजही माहीत नाही.

मी सहाशेच्या वर दगड कोरले असतील. ज्या माणसांना हयातीत गावाने तोंड दाखवू दिलं नाही त्यांचेसुद्धा. माझ्या मुलीचा नाही कोरला. कुठे उभा करणार?

५९ च्या नोव्हेंबरात विल्फचा सिनेमा हॅलिफॅक्सला लागला. आमच्या चॅपलमध्ये सिनेमा निषिद्ध. तरी भावाचं काम बघावं म्हणून सोमवारी कॉलर वर करून गेलो. अर्ध्यावर दफनभूमी आली. धुकं, वाकडे दगड. आणि पडद्याच्या मध्यभागी, माझ्या डोक्याएवढ्या अक्षरांत, मिरियम क्रॅबट्री. आर अक्षराचा पाय लांब ओढलेला, आमचा बाप ओढायचा तसा. माझ्या भावाचा हात मी ओळखणार नाही? मग त्या दगडामागून एक मेलेला पांढरा हात वर आला आणि सगळं थेटर किंचाळलं. पाठोपाठ हसलं. किंचाळल्यावर हसतात तसं.

मी विल्फला एक पत्र लिहिलं. काय लिहिलं ते इथे लिहीत नाही. त्याचं उत्तर आलं, ते मी न फोडता चुलीत घातलं.

आता सांगा, त्याने थडगी उभी केली हे मी माझ्या छिन्नीने कोरू?

अमोस


ऑल्डरी
९ मे १९६८

प्रिय अमोस भावजी,

तुमचं पत्र वाचून मी बरेच दिवस काही लिहू शकले नाही. आधी तुमच्यासाठी वाईट वाटलं. मग विल्फचा राग आला, तुम्हाला आला तोच. त्यानंतर आणखी एक राग आला, तो माझा स्वतःचा. अठ्ठावीस वर्षं एका ताटात जेवलो. आम्हालाही मूल झालं नाही. आणि या माणसाने मला सांगितलं नाही की त्याला एक पुतणी होती.

पण मी कागदावरून माणसाला दोषी ठरवत नाही. स्टुडिओत गेले. प्लास्टरखात्यात सिड यालप अजून आहे. विल्फच्या हाताखाली पंधरा वर्षं होता, आता मुख्य झाला आहे. मी त्याला नाव सांगितलं आणि विचारलं, हा दगड कोणी केला आणि का. तो पांढऱ्या धुळीतच बादली पालथी घालून बसला आणि जे बोलला ते मी जसंच्या तसं देते.

त्यांच्याकडे एक रिवाज आहे. सिनेमातल्या दफनभूमीला तीस-चाळीस दगड लागतात आणि प्रत्येकावर काहीतरी नाव हवं. तर ही माणसं स्वतःची नावं घालतात. सुतार, रंगारी, दिवेवाले, खानावळीतली टोस्ट करपवणारी बाई, नावडता मुकादम. एकच अट: माणूस जिवंत पाहिजे. कारण काम संपलं की त्याच संध्याकाळी सगळे दगड हातोडीने फोडतात आणि ज्याने त्याने आपापला फोडायचा असतो. आपलं थडगं आपण फोडलं की आयुष्य वाढतं, असं ते मानतात. मेलेल्याचं नाव कोणी घालत नाही. ते कोण फोडणार?

मिरियमचा दगड विल्फने स्टुडिओतल्या पहिल्याच वर्षी केला. प्रत्येक सिनेमात तो आणायचा, स्वतः उचलून, आणि अगदी मागे, भिंतीजवळच्या झाडाखाली ठेवायचा, जिथे कॅमेरा पोचत नाही. काम संपलं की हातगाडीवर घालून परत खात्यात. फोडायचा नाही. म्हणायचा, पुन्हा उपयोगी पडेल. बाकीचे त्याला चिक्कू म्हणायचे. सात सिनेमे हे चाललं.

आणि सिडच्या मनात कधी आलंच नाही की ही मेलेली मुलगी आहे. त्यांच्या रिवाजाप्रमाणे दगडावर नाव म्हणजे माणूस जिवंत. आडनाव विल्फचं, म्हणजे गावाकडची कोणी भाची-पुतणी असेल, विल्फ लाजरा म्हणून तिला मागे लपवतो. त्या दिवशी विल्फ दुसऱ्या गोदामात जिन्याचं काम करत होता. कॅमेऱ्यापुढे दिव्याची वायर झाकायला एक दगड हवा होता. सिडने तोच आणला. मला म्हणाला, “मिसेस क्रॅबट्री, मला वाटलं पोरगी सिनेमा बघायला जाईल, स्वतःचं नाव पाहील, खूश होईल. मी विल्फला भेट दिली असं समजत होतो.”

विल्फने ते पहिल्यांदा पाहिलं जोडलेल्या रिळांत, सगळ्यांबरोबर. तो उठून वरच्या साहेबांकडे गेला आणि म्हणाला, एवढा भाग पुन्हा घ्या. साहेब हसले. सगळी दफनभूमी फोडून झाली होती, मिरियमचा दगड तेवढा सिडने न फोडता खात्यात परत आणून ठेवला होता. सिडला तो एक शब्द बोलला नाही. तुमचं पत्र आलं त्या आठवड्यात त्याने तो दगड बाहेर नेला आणि स्वतः फोडला. सिड सांगत होता, एरवी फोडताना पोरं शिट्ट्या मारतात. त्या दिवशी कोणी मारली नाही, आणि का मारली नाही ते कोणाला सांगता आलं नसतं.

तर ती अशी गोष्ट आहे. तुमच्या मुलीला साऱ्या इंग्लंडमध्ये कोणी हातभर जागा दिली नाही, तेव्हा माझ्या नवऱ्याने तिला त्याच्याकडे होती ती दफनभूमी दिली. ती खोटी होती. पण त्याच्याकडे तेवढीच होती. आणि त्याने हे सगळं तुम्हाला त्या उत्तरात लिहिलं असणार, भावजी. तुम्ही चुलीत घातलंत.

आता सही करा किंवा करू नका. ‘थडगी’ हा शब्द मी आता बिशपने सांगितलं तरी काढणार नाही. हे पत्र मी खाणीवर पाठवत नाही, घरच्या पत्त्यावर पाठवते आहे. बायकोपासून वर्षानुवर्षं लपवाछपवी करण्यात मी आता कोणाला मदत करणार नाही. एकाने केली तेवढी पुरे.

ईनिड


थॉर्नक्लफ
१५ मे १९६८

ईनिडताई,

तुमचं पत्र मी फोडलं. पाकिटावर यांचं नाव होतं, पण हे खाणीवर होते आणि मला तुमचं अक्षर ओळखू आलं. मी सवयीने दुसऱ्याची पत्रं फोडणारी बाई नाही. यावेळी फोडलं आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

तुम्हाला एक सांगायचं आहे जे मी यांनाही काल संध्याकाळपर्यंत सांगितलं नव्हतं. तो सिनेमा मीही पाहिला आहे.

त्या सोमवारी हे घरी आले ते पांढरे पडून. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ओव्हरकोट झटकताना खिशात तिकिटाचा तुकडा सापडला. म्हटलं बघू तरी, एवढं काय आहे त्यात की देवमाणूस चॅपल सोडून तिकडे गेला. दुपारच्या खेळाला गेले. दात दाखवायला जाते असं शेजारणीला सांगितलं. मागे बसले होते, एकटी.

ताई, मला ते नाव दिसलं आणि मी उभी राहिले. मागचा माणूस म्हणाला, बसा हो बाई. मी बसले. तोवर ते नाव गेलं होतं. म्हणून बुधवारी पुन्हा गेले. मग गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी. सिनेमा बदलेपर्यंत. शेजारीण म्हणाली, नेली, एव्हाना तुझे बत्तीसही काढून झाले असतील.

एक ते पाच मोजेपर्यंत दिसायचं. मी मोजायचे. तो हात यायचा तेव्हा बाकीचे डोळे झाकायचे. मी झाकत नव्हते. हात तिच्या दगडामागून यायचा पण दगडाला लागत नव्हता, मी नीट बघून ठेवलं होतं. एकवीस वर्षांत ते नाव मी कधी लिहिलेलं पाहिलं नव्हतं. मी स्वतःही लिहिलं नव्हतं, यांना दिसेल म्हणून. आणि ते एवढं मोठं, उजेडात, सगळ्या लोकांनी वाचावं असं. मला कोणी हसताना ऐकू आलं नाही. हसले असतील.

विल्फभावजींनी ते मुद्दाम माझ्यासाठी केलं असंच मी समजत होते. त्यांना आभाराचं पत्र लिहायचं होतं. पण लिहिलं असतं तर यांना कळलं असतं. ते राहिलं. याची मला लाज वाटायला हवी.

काल चहाच्या वेळी तुमचं पत्र यांच्या बशीशेजारी ठेवलं आणि सगळं सांगितलं. यांनी ते पत्र दोनदा वाचलं. मग मला विचारलं, “पाचही दिवस?” मी म्हटलं, पाचही दिवस. मग ते उठून अंगणात गेले. आज पहाटे खाणीतून एक दगड आणला आहे, गाडीवानाने विचारलं एवढा मोठा कोणासाठी, तर म्हणाले, दोघांसाठी.

मला माहीत आहे तिथे तिला ठेवलेलं नाही. पण विल्फभावजींच्या दगडावर तिचं नाव असावं असं मला वाटतं. तुमची हरकत नसेल तर.

नेली


थॉर्नक्लफ
३ जून १९६८

वहिनी,

संमतीचा कागद सही करून सोबत पाठवला आहे. तुमचं वाक्य आहे तसं कोरतो. त्याखाली नेलीची ओळ, मिरियमच्या नावाची. ती तुमच्या पाद्र्यांना दाखवा.

ते उत्तर मी जाळायला नको होतं. ते काय असेल याचा रोज विचार करतो.

अमोस


ऑल्डरी
२७ जून १९६८

प्रिय अमोस भावजी आणि नेली,

हरकत कसली. मला हे आधी सुचलं नाही याचं वाईट वाटतं.

रेव्हरंड हॉलिसना नवा मजकूर दिला. भाऊ सही करणार नाही म्हणून ते निश्चिंत होते. कागद पाहून त्यांचा चेहरा पडला, पण ‘थडगी’वर ते आता हुज्जत घालेनात. ते अडले मिरियमवर. बाप्तिस्मा नाही. या भूमीत दफन नाही. नोंदवहीत नाव नाही. म्हणाले, कागदोपत्री ही व्यक्ती अस्तित्वातच नाही, मिसेस क्रॅबट्री. मी तिचं नाव दगडावर कसं मान्य करू? सहानुभूती आहे म्हणाले, आणि ती होतीही. डोळ्यांत दिसत होती. पण नियम नियम आहे. बिशपच्या कचेरीनेही पंधरा दिवसांत तेच कळवलं. विल्फ चालेल, तळघरे आणि थडगीसुद्धा चालतील, मिरियम चालणार नाही. ती ओळ गाळली तर परवानगी लगेच.

मला हवं होतं ते मला मिळालं आहे. तीन महिन्यांपूर्वी मी एवढ्यावर आनंदाने घरी आले असते. आता तेवढं घेऊन मी गप्प बसणार नाही. विल्फ बसला नसता. तो बोलत नसे, पण दगड उचलून नेत असे.

ओळ कोरा. ट्रक कधी आणाल ते कळवा. दिवस आणि वेळ मी रेव्हरंड हॉलिसना लेखी कळवणार आहे. त्यांच्या पाठीमागे मला काही करायचं नाही.

ईनिड


थॉर्नक्लफ
१९ ऑगस्ट १९६८

वहिनी,

गुरुवार २९ ऑगस्ट, दुपारी बारा. चार धट्टीकट्टी माणसं लागतील. नेलीला एवढा प्रवास झेपणार नाही. ती म्हणते, तुम्ही तिला सगळं लिहा, माझ्या सांगण्यावर तिचा भरवसा नाही.

अमोस


ऑल्डरी
१९ सप्टेंबर १९६८

प्रिय नेली,

उशीर झाला, कारण शेवट काय होतो ते बघून लिहायचं होतं. शेवट अजून झालेला नाही, पण एक गोष्ट तुला तातडीने कळायला हवी, ती खाली लिहिते. आधी तो दिवस.

अमोस भावजी ठीक बाराला आले. मी सिडला सांगून ठेवलं होतं. तो आणि प्लास्टरखात्यातले पाच जण जेवणाच्या सुट्टीत तसेच पांढऱ्या कपड्यांत आले. यांनी शंभर दफनभूमी उभारल्या असतील, त्यामुळे कोणाला काही सांगावं लागलं नाही. सिड तरातरा ट्रकपाशी गेला आणि सवयीप्रमाणे एका हाताने दगड बगलेत मारायला वाकला. दगड जागचा हलला नाही, सिडच मागे बसला. त्याची माणसं इतकी हसली की मलाही आवरेना.

तुझा नवरा वरून म्हणाला, “हा फोडायचा दगड नाही, राव. सगळे मिळून धरा.”

सगळ्यांनी मिळून धरला. मग सिडने भावजींकडे जाऊन टोपी काढली आणि आपणच मिरियमचा तो दगड कॅमेऱ्यापुढे आणला होता हे सांगितलं. माझ्यासमोर सांगितलं, आडपडदा नाही. भावजींनी हातातली पहार त्याला दिली. नंतर दोघं एकमेकांशी फक्त पाया किती खोल घ्यायचा याबद्दलच बोलले. पुरुषांची रीत ही. मला पुरे वाटलं.

रेव्हरंड हॉलिस फाटकाशी उभे होते. आत आले नाहीत, थांबवायलाही आले नाहीत. सगळं झाल्यावर टोपी काढून म्हणाले, मला हे कळवावंच लागेल. मी म्हटलं, अवश्य कळवा, स्पेलिंग दगडावर आहे. दगडावर असं आहे:

विल्फ्रेड क्रॅबट्री, १९०९ ते १९६८. प्लास्टरचा कारागीर. चित्रपटांसाठी त्याने किल्ले, तळघरे आणि थडगी उभी केली. आणि त्याची पुतणी मिरियम क्रॅबट्री, १९३८, अमोस व नेली यांची मुलगी.

अक्षरं तुला मी काय सांगू. भावजींनी हात फिरवून पाहिली आणि म्हणाले, आर जरा घट्ट झाला. मला तर काही दिसलं नाही.

आता पुढचं. काल बिशपच्या कचेरीची नोटीस आली. परवानगीविना उभा केलेला दगड का काढून टाकू नये याची सुनावणी नोव्हेंबरात आहे. नोटिशीची एक प्रत मला, एक रेव्हरंड हॉलिसना, आणि एक कायद्याप्रमाणे चर्चच्या दारावर अठ्ठावीस दिवस लावून ठेवायची. ती सकाळीच लागली. मी जाऊन वाचली.

नेली, कायदा असा आहे की दगडाविरुद्ध खटला भरायचा तर ज्यांच्या नावाचा दगड आहे त्यांची नावं नोटिशीत पूर्ण लिहावी लागतात. पहिल्याच ओळीत टाइप केलेलं आहे: विल्फ्रेड क्रॅबट्री आणि मिरियम क्रॅबट्री यांच्या स्मारकाच्या बाबतीत. खाली बिशपचा लाल शिक्का आणि त्यांच्या नोंदवहीचा क्रमांक. जी मुलगी कोणत्याच वहीत नाही असं सांगून त्यांनी आपल्याला परत पाठवलं, तिला हाकलण्यासाठी आता त्यांनी आधी वहीत घेतली आहे. उद्या दगड काढला तरी ते पान काढता येणार नाही. मी वाण्याच्या बायकोच्या भावाला विचारलं, तो कारकून आहे.

माझी प्रत सोबत ठेवली आहे. ही तू ठेव. मला दारावरची आहे, बाजाराला जाताना वाटेतच पडते.

सुनावणीला मी जाणार आहे, सिड येणार आहे. पहिल्याच ओळीत जिचं नाव आहे तिची आई म्हणून तुला बोलायचा हक्क आहे. गुडघ्याची सोय करू. ये.

ईनिड